भुताचा चेहरा चौदाव्या सेकंदाला का दाखवू नये

घाटंजी तालुक्यातल्या एका मुलानं मला विचारलं आहे, त्याच्याच शब्दांत देते: "ताई, आम्ही पाच पोट्ट्यांनी मिळून २२ मिनिटांची भुताची फिल्म बनवली. रात्रीच्या ओलिताची गोष्ट हाय. दोन मोबाईल, एक कॉलर माइक, बाकी काईच नाही. ट्रेलर टाकला तं लोकं हासले. मोठ्या पिच्चरच्या ट्रेलरमंदी असं काय करतात का अंगावर काटाच येते? कॅमेऱ्यानं करतात का आवाजानं?"

तुझी फिल्म एकदा पाहिली आणि ट्रेलर तीनदा. पहिल्यांदा नेहमीसारखा, मग आवाज बंद करून, आणि मग मोबाईल पालथा ठेवून नुसता ऐकला. ट्रेलरच्या आवाजाचं काम मी अठरा वर्षं करते आहे आणि कुठलाही नवा ट्रेलर हातात आला की आधी हेच करते. आवाज बंद केल्यावर तुझा ट्रेलर बराच बरा वाटला. नुसता ऐकला तेव्हा मात्र वरातीचा बँड आणि वळवाचा पाऊस एकाच वेळी आल्यासारखं झालं. तेव्हा कॅमेरा की आवाज, या तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर आवाज असं आहे. कॅमेऱ्यालाही काम आहे, त्यावर पुढे येते.

२ मिनिटं ४० सेकंदांत मी अकरा दचके मोजले. पहिला नवव्या सेकंदाला. चौदाव्या सेकंदाला तर पांढऱ्या साडीतल्या बाईचा चेहरा पडदाभर. मग पुढची दोन मिनिटं मी काय पाहायचं? त्या चेहऱ्याखाली जो विजेचा कडकडाट आहे तो नेटवर फुकट मिळतो म्हणून सगळेच उतरवून घेतात, आणि तुझ्या शॉटमध्ये तर वर टिपूर चांदणं आहे. लोक हसले यात लोकांचा दोष नाही. तोच धक्का तीन-चार वेळा दिला की शरीर तो ओळखायला शिकतं. पाचव्या वेळी माणूस दचकायच्या ऐवजी 'आता येईल बघ' म्हणून शेजाऱ्याला कोपर मारतो.

आपल्याकडे दचकणं वेगळं आणि धास्ती वेगळी. दचकायला काही लागत नाही, अंधारात मांजराच्या शेपटीवर पाय पडला तरी माणूस दचकतो आणि दुसऱ्या मिनिटाला विसरतो. धास्ती बसते ती काहीतरी आहे एवढं कळल्यावर आणि कुठे आहे ते न कळल्यावर. वावरात जागलीला बसलेला माणूस रात्रभर धास्तीत असतो, दचकतो एखाद्या वेळेलाच. ट्रेलरनं धास्ती विकायची असते. दचका त्यात एक पुरतो, फार तर दोन.

तुमच्याकडे अजून भुलाबाई बसते का? आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी गाणी व्हायची, आणि गाणी संपली की खाऊ ओळखायचा. आतून झाकलेला डबा यायचा, तो हलवायचा, कान लावायचा आणि सांगायचं. एक काकू डबा इतका गच्च भरायच्या की काही वाजायचंच नाही, आम्ही दोन मिनिटांत कंटाळायचो. दुसऱ्या एका घरचं झाकण सैल होतं, वासावरूनच शेंगदाण्याचे लाडू कळायचे, तिथेही मजा नाही. खरी मजा यायची ती ज्या घरी डबा थोडा वाजायचा, आणि प्रत्येकीला वेगळं काहीतरी वाजल्यासारखं वाटायचं तिथे. मी आजही कुठला शॉट ट्रेलरमध्ये ठेवायचा यावर अडले की हाच डबा आठवते. तुझं झाकण चौदाव्या सेकंदाला पडलं.

मोठ्या लोकांनीही हा डबा नुसता वाजवून सोडल्याची उदाहरणं आहेत. स्टॅनली कुब्रिकच्या १९८० सालच्या 'द शायनिंग'चा पहिला छोटा ट्रेलर शोधून पाहा. एकच शॉट. हॉटेलच्या लिफ्टची बंद दारं, कॅमेरा जागचा हलत नाही, खालून नावं वर सरकताहेत, आणि आवाज हळूहळू असह्य होत जातो. शेवटी दारातून रक्ताचा लोट येतो. एकही माणूस दिसत नाही, भूत तर नाहीच. २००९ साली 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'च्या ट्रेलरमध्ये अंधारातल्या कॅमेऱ्यानं टिपलेले थिएटरातले प्रेक्षक दाखवले होते, खुर्चीत आक्रसलेले, डोळे झाकणारे. पडद्यावर काय आहे ते आपण त्यांच्या तोंडावरून ठरवायचं. हे दोन्ही प्रकार तुझ्या दोन मोबाईलवर होतात.

आता आपल्या भागातली गोष्ट सांगते, कारण तुला ती इंग्रजी सिनेमापेक्षा जास्त कामाची आहे. वाघ दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि तो आवाज वाघाचा नसतो. वानर झाडावरून खेकसतं, चितळ ओरडतं, आणि मोहफुलं वेचणारी बाई हातातली टोपली तशीच धरून थांबते. तिला अजून काही दिसलेलं नाही. तिच्या अंगावर काटा येतो तो या मधल्या वेळात. त्या मधल्या वेळाचे तुकडे कर: आधी वानराचा आवाज, मग बाईची थांबलेली बोटं, मग तिचा चेहरा, मग ती जिकडे पाहते आहे ती झुडपं, ज्यात काहीही नाही. हा क्रम म्हणजे अर्धी विद्या झाली. तू उलटं केलंस, आधी भूत आणि मग घाबरलेला पोरगा. भूत पाहून आम्ही मोकळे झालेले असतो, त्याच्या घाबरण्यात आम्हाला आता नवीन काही नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडची. दिवाळी झाली की आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो तो उजाडताना पडतो, आणि गारठ्यात चादरी पांघरून हजारांनी माणसं बसलेली असतात. माझे बाबा नाटकांना ऑर्गन वाजवायचे. मी आठवी-नववीत असेन, त्यांच्याजवळ खाली बसले होते. खुनाचा प्रवेश चालू होता आणि ऐन वेळी जनरेटर बंद पडला. एरवी लाइन गेली की शिट्ट्या, आरोळ्या, बिड्या पेटतात. त्या रात्री चार-पाच सेकंद एक माणूस बोलला नाही. मला वाटलं अंधारामुळे. बाबा म्हणाले, "अंधारानं नाही. आवाज गेला म्हणून." जनरेटरची घरघर रात्रभर चालू असते, ती कुणालाच ऐकू येत नाही. ती थांबली तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आली.

पुढच्या प्रयोगापासून बाबांनी त्या प्रवेशाच्या खाली ऑर्गनचा एक खालचा सूर धरून ठेवायला सुरुवात केली. इतका हळू की कुणाचं लक्ष जाऊ नये. खुन्यानं हात उगारला की बोटं उचलायची. बस. मी मुंबईत स्टुडिओत गेले तेव्हा कळलं की याला ड्रोन म्हणतात आणि बऱ्याच भयपटांच्या ट्रेलरचा पाया तोच असतो. खालच्या पट्टीतला एक लांब, न हलणारा आवाज. त्याची सवय लागली की तो काढून घ्यायचा. दचका द्यायचा असेल तर या रिकाम्या जागेनंतर द्यायचा, आधी नाही.

पण रिकामी जागा म्हणजे शून्य आवाज असं समजू नकोस. तू एका ठिकाणी सगळे ट्रॅक पूर्ण बंद केलेस, तेव्हा मला वाटलं माझाच मोबाईल अडकला. खऱ्या वावरात आवाज कधी शून्य नसतो. रातकिडे असतात, लांब कुठे टिटवी, पाइपातून गळणारं पाणी. म्हणून शूटिंगच्या जागी, त्याच वेळेला, सगळ्यांना गप्प बसवून दोन मिनिटं नुसती जागा रेकॉर्ड करून ठेव. धंद्यात याला रूम टोन म्हणतात, खोली नसली तरी. ड्रोन काढला की हा हलका थर खाली उरला पाहिजे. आणि खरी धास्ती हवी असेल तर त्या थरातलेही रातकिडे काढ, पाणी ठेव. रातकिडे अचानक गप्प होणं म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आता दचक्याचं तंत्र, कारण एक तरी तुला लागेलच. शरीर दचकतं ते आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती झटक्यात चढला यावर. दाराची कडी, स्टीलचं भांडं, फटाका: हे आवाज शून्यापासून टोकाला क्षणार्धात पोचतात. तू घेतलेला कडकडाट हळूहळू फुगत येतो, त्यामुळे तो ऐकून माणूस छत्री शोधेल, दचकणार नाही. दुसरं, दचक्याच्या आधी एक खोटा दिलासा द्यावा. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये रात्री एकटी चाललेली बाई आणि मागे पावलं. ती पावलंही थांबतात. आणि फिस्स करून चौकटीत घुसते ती साधी बस, ब्रेकच्या आवाजासकट. निर्माता व्हॅल लुटन याच्या नावावरून या युक्तीला आजही 'लुटन बस' म्हणतात. आपल्या एसटीच्या ब्रेकचा आवाज आठव, त्याहून चांगला काही मिळणार नाही.

काही आवाज मुळातच का टोचतात यावर अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतला प्राणिशास्त्रज्ञ डॅनियल ब्लुमस्टाइन मार्मट नावाच्या खारीसारख्या प्राण्यांवर काम करायचा. पकडल्यावर पिल्लं फाटक्या, खरखरीत आवाजात ओरडतात हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १०२ चित्रपटांचे आवाज तपासले, २०१० साली ते प्रसिद्ध झालं: भयपटांत असा फाटका आवाज जास्त. २०१५ च्या आणखी एका संशोधनात माणसाच्या किंकाळीची जोराची पातळी सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा हेलकावते असं दिसलं. साध्या बोलण्यातला हेलकावा त्यामानानं फारच संथ. कानाला तो वेगवान हेलकावा खरखर म्हणून लागतो.

ही खरखर विकत आणायची गरज नाही. तेल न घातलेल्या बैलबंडीच्या आखाचा आवाज रेकॉर्ड कर. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात वेग निम्मा कर. लांबी दुप्पट होईल, आवाज एक सप्तक खाली जाईल, आणि ती बंडी आहे हे तुझ्या आजोबांनाही ओळखू येणार नाही. पत्र्याच्या डब्याच्या बुडाला भोक पाडून सुतळी ओव, सुतळीला राळ लाव आणि चिमटीनं ओढ: जनावर गुरगुरल्यासारखं येतं. हाड मोडल्याचा आवाज हवा तर वाळकी तुऱ्हाटी ओल्या फडक्यात गुंडाळून मोड. परदेशात याच कामाला सेलरीच्या काड्या मोडतात. आपल्याकडे तूर काय कमी आहे? पितळी परातीवर एक ठोका देऊन तो पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्ड कर आणि उलटा लाव. शून्यातून फुगत येऊन खाडकन तुटणारा आवाज तयार होतो. याला रायझर म्हणतात आणि नावाच्या पाटीच्या आधी तो बऱ्याच ट्रेलरमध्ये असतो. (कायम चढतच राहिल्यासारखा वाटणारा एक सूरही आहे, रॉजर शेपर्ड यानं १९६४ साली मांडलेला. एकावर एक सप्तकं रचून कानाला फसवतात. छान आहे, पण तुला आत्ता लागत नाही.)

लहान मुलीच्या आवाजात संथ केलेलं भुलाबाईचं गाणं टाकण्याचा मोह होईल. माझं मत विचारशील तर नको. दर दुसऱ्या ट्रेलरमध्ये कुणीतरी पोरगी हळू आवाजात गाते आहे, आता ते ऐकून लोक वाटीतला चिवडा संपवतात.

कॅमेरा. तुझ्या ट्रेलरमधला सरासरी शॉट एका सेकंदाहूनही कमी आहे. इतक्या वेगात भीती बसत नाही, डोळे शोधण्याआधीच चित्र जातं. एक शॉट सात-आठ सेकंद धरून पाहा. मोबाईल चार विटांवर ठेव, पोरगा चौकटीच्या एका कोपऱ्यात, उरलेली सगळी जागा कापसाच्या पऱ्हाटीची आणि अंधाराची. काहीही घडवू नकोस. पाहणारा ती रिकामी जागा स्वतःच चाळायला लागतो, ओळीओळीतून. त्याच्या मनातलं भूत तुझ्या पावडर लावलेल्या भुतापेक्षा चांगलं असतं, आणि मेकअपचा खर्चही नाही. त्याच शॉटमध्ये एडिटिंगच्या वेळी अगदी सावकाश आत सरक. फोर-के मध्ये शूट केलंस आणि ट्रेलर साध्या एचडीत काढलास तर दुपटीपर्यंत आत जाता येतं आणि चित्र फुटत नाही. तुला शंभरावरून १०८ टक्के, आठ सेकंदांत, एवढंच पुरे. सरकतंय हे कळता कामा नये, छातीवर कुणी तळहात ठेवतंय असं वाटलं पाहिजे.

दुसरं, कॅमेरा कुठे उभा आहे यावरून कुणाची तरी नजर तयार होते. पऱ्हाटीच्या आतून, कमरेच्या उंचीवर, पानांच्या फटीतून शेताच्या धुऱ्यावर बसलेला पोरगा दिसतो. कोण पाहतंय? उत्तर देऊ नकोस. हा एक शॉट ट्रेलरमध्ये ठेवलास तर साडीवाली बाई अख्खी काढून टाकता येईल.

आणि बॅटरी. तुझ्या पोरांच्या हातात बॅटरी आहे, म्हणजे हलती चौकट फुकट मिळाली. ती तू फक्त उजेडासाठी वापरलीस. झोत डावीकडून उजवीकडे फिरतो, विहीर, स्टार्टरची पेटी, पळसाचं खोड, मग काहीतरी उभं, मग पुन्हा पऱ्हाटी. हात थांबत नाही, पोराच्या लक्षात आलेलं नाही. सगळे जण झोत मागे वळवतात आणि तिथे काही नसतं. तू मागे वळवूच नकोस. पाहणाऱ्यालाच ट्रेलर मागे न्यावासा वाटू दे. झोत हवेत दिसायला हवा तर लांबवर गोवरीचा थोडा धूर कर. पण उन्हाळ्यात सागाच्या पानांजवळ नाही, वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

चौकट तिरकी करणं, भिंगरीसारखा कॅमेरा फिरवणं हे सोडून दे. कॅमेरा हातात धरून पळायचं असेल तर एकदाच, शेवटाकडे.

मोबाईलच्या खोडी: एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा ते) आणि फोकस बोट दाबून लॉक कर, नाहीतर अंधार झाला की मोबाईल आपणहून उजळवतो आणि चित्रभर मुंग्या येतात. तुझ्या कोठ्यातल्या शॉटमध्ये बल्बभोवती काळे पट्टे सरकताहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, म्हणून शटर सेकंदाचा ५० वा किंवा शंभरावा भाग ठेव, पट्टे जातील. आणि रात्रीचे लांबचे शॉट रात्री घेऊच नकोस. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे वीस-बावीस मिनिटं निळसर उजेड असतो, त्यात एक्सपोजर खाली ओढून घे. आभाळ आणि झाडांच्या कडा राहतात, बाकी काळं. रोज वीसच मिनिटं मिळतात, म्हणून दिवसा तालीम करून ठेवायची.

आता तुझाच ट्रेलर मी कसा जोडेन ते सांगते. फिल्मच्या नवव्या मिनिटाला तुझ्याकडे एक सोन्यासारखी गोष्ट आहे आणि ट्रेलरमध्ये ती नाहीच: मोटर आपोआप बंद पडते.

पहिल्या चौकटीपासून मोटरची घरघर सुरू कर. हाच तुझा ड्रोन, बाहेरचं संगीत नको. आई ताट पुढे करते, "या हप्त्यात रातचीच लाइन हाय, बॅटरी घेऊन जा." पोरगा सायकलवर. पोरगा स्टार्टरजवळ, ऑटोचा खटका खाली करून ऑटो बंद करतो. हा शॉट नीट दाखव, कारण ऑटो चालू असला तर लाइन आली की मोटर आपणच सुरू होते आणि कुठलाही शेतकरी तुला म्हणेल, यात भूत कुठे आहे? मग पाण्याचा पाट, धुऱ्यावर बसून तो मोबाईल पाहतो आहे. घरघर चालूच. पंचेचाळीस सेकंद झाले, काही घडलेलं नाही, आणि पाहणारा घरघर विसरून गेला आहे.

मोटर बंद.

रातकिडे अजून एक सेकंद चालू दे, मग तेही. पाइपातलं उरलेलं पाणी गळतंय. पोरगा मान वर न करता म्हणतो, "गेली वाटते लाइन." आणि त्याच्या मागे, चौकटीच्या कडेला, स्टार्टरच्या पेटीवर लाल, पिवळा आणि निळा, तिन्ही दिवे जळत आहेत. लाइन आहे. त्याला माहीत नाही, आम्हाला माहीत आहे. इथे आठ सेकंद थांब. लांबवर गावातले दिवे दाखवून हेच सांगायचा विचार केला असशील तर चालणार नाही, गावठाणाची लाइन वेगळी असते आणि पहिली कमेंट तीच येईल.

पुढे बॅटरीचा फिरता झोत, पऱ्हाटीतली नजर, पळणारे पाय, सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद. परातीचा रायझर त्याच्याखाली. तुटला की फिल्मचं नाव, काळ्यावर पांढरं, नुसत्या रूम टोनवर. ट्रेलर दीड मिनिटाच्या वर जाऊ देऊ नकोस.

मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणं, हेडफोनवर कर पण शेवटचा निर्णय मोबाईलच्या स्पीकरवर घे, कारण तुझी फिल्म लोक पानठेल्यावर उभं राहून पाहणार आहेत. त्या इवल्या स्पीकरला साधारण २०० हर्ट्झच्या खालचं जवळपास झेपत नाही. हेडफोनमध्ये पोटात घुसणारा खोल ड्रोन तिथे नुसता गायब होतो. मोटरच्या घरघरीत वरच्या पट्टीतली खरखर असते, ती राहू दे, कापू नकोस. तीवरून कान खालचा सूर स्वतः धरतो. १९ हर्ट्झच्या आवाजानं भूत दिसतं असं तुला कुणीतरी सांगेल. विक टँडी नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९९८ साली अशा न ऐकू येणाऱ्या कंपनावर लिहिलं होतं, किस्सा मजेदार आहे, पण मोबाईलच्या स्पीकरमधून ते बाहेरच पडत नाही. आणि सगळा आवाज टोकाला भिडवून ठेवू नकोस. यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ सरासरी उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या जोराचं माप) आसपास खाली ओढतं. सगळंच मोठं असेल तर सगळंच खाली येतं, आणि दचक्याला उडी मारायला जागा उरत नाही.

दोन गोष्टी काढून टाक. एक, 'आमच्या गावातील सत्य घटनेवर आधारित' ही पाटी. फिल्ममधली म्हातारी एका वस्तीवर एकटी राहते, आणि पाटीमुळे पाहणारे ती कोण असेल ते शोधायला लागतील. करणीच्या संशयावरून बायांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. कुणी जादूटोणा करतं असं सांगून तिला त्रास देणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुझा तसा हेतू नाही हे मला दिसतं, पण ट्रेलर बावीस मिनिटांचा खुलासा सोबत घेऊन फिरत नाही. दुसरं, जंगलाच्या काठावरचे रात्रीचे तीन शॉट. ते चांगले आलेत आणि ते पाहून मी खरंच घाबरले, पण तुमच्यासाठी. वाघाच्या भागात रात्री पाच पोरं कानात हेडफोन घालून? ते शॉट गावातल्या आमराईत संध्याकाळी पुन्हा घ्या.

शेवटी नावाच्या पाटीनंतरचा तुकडा. आम्ही त्याला बटन म्हणतो. बहुतेक जण तिथे किंकाळी टाकतात, तूही टाकलीस. त्याऐवजी: नाव गेलं, काळोख, तीन सेकंद रातकिडे. मग पोराचा चेहरा समोरून, स्टार्टरकडे पाठ, दोन्ही हात दिसताहेत. मागे खट्, आणि मोटर सुरू. त्याच्या डोळ्यांवर कट. आज हा खट्कार तुझ्याकडे आहे, पण कॉलर माइकवर घासलेल्या शर्टाखाली दबला आहे, म्हणून तेवढा पुन्हा रेकॉर्ड कर. मोबाईल पेटीपासून वीतभर लांब धर, झाकण उघडू नकोस आणि ओल्या हातानं जाऊ नकोस.